जागेचा प्रश्न आणि ‘महानगरीय संवेदना’

गेली अठरा वर्षे मी पदव्युत्तर वर्गाला आधुनिक मराठी साहित्य शिकवते. त्यात ‘महानगरीय साहित्य’ असा एक घटक असतो आणि त्यावर ‘महानगरीय संवेदनेची वैशिष्ट्ये स्पष्ट करा’ हा प्रश्न ठरलेला असतो. उत्तरही ठरलेले असते : एकाकीपण, परात्मता, यांत्रिकता, गर्दीतील चेहराहीनता, मूल्यांची पडझड. ही यादी मी स्वतः विद्यार्थिदशेत पाठ केली, पुढे वर्गात सांगितली आणि तपासलेल्या शेकडो उत्तरपत्रिकांत तिला गुणही दिले. काही वर्षांपूर्वी ‘एकाकीपण’ या मुद्द्याचे विवेचन चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, आमच्या खोलीत सात माणसं आहेत. एकटं वाटायला आधी एकटं असावं लागतं ना?” वर्ग हसला. मीही हसले, आणि ‘गर्दीतला एकटेपणा हा मानसिक असतो’ असे नेहमीचे उत्तर देऊन पुढच्या मुद्द्याकडे वळले. त्या दिवशी मी दिलेले उत्तर चुकीचे होते. ते का चुकीचे होते आणि ते उत्तर माझ्या हाती देणारी आपली समीक्षा कोठे चुकली, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख लिहीत आहे.

माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट करते. ‘महानगरीय संवेदना’ ही कोटी मुंबईच्या साहित्याच्या वाचनातून निर्माण झालेली नाही. ती अन्यत्र सिद्ध झाली आणि नंतर मुंबईच्या साहित्यावर बसवण्यात आली. तिने शहराला एक मनोवस्था मानले. शहर ही प्रथमतः जागांची रचना आहे, याकडे तिचे लक्ष गेले नाही. परिणामी या शहरातील लेखकांनी ज्या प्रश्नाशी सर्वांत जास्त झुंज घेतली तो जागेचा प्रश्न, म्हणजे कोणी कोठे झोपायचे, कोठे बसायचे, कोणासाठी सरकायचे आणि कोणाच्या नावावर काय असायचे हा प्रश्न, मराठी समीक्षेत जवळजवळ अस्पर्शित राहिला.

१

या कोटीचे मूळ तपासू. गेओर्ग झिमेल या जर्मन समाजचिंतकाने १९०३ साली महानगर आणि मानसिक जीवन यांच्या संबंधावर एक निबंध लिहिला. महानगरातील संवेदनांच्या सततच्या भडिमारापासून स्वतःला वाचवण्यासाठी माणूस अलिप्त होतो, तो भावनेऐवजी बुद्धीने व्यवहार करतो, आणि शरीरे जितकी जवळ येतात तितके मनांतील अंतर जाणवू लागते, असे त्याचे सार सांगता येईल. निबंध अव्वल दर्जाचा आहे आणि त्याच्या बर्लिनपुरता तो खराही असेल. पण झिमेलच्या माणसाजवळ एक गोष्ट आहे, जिचा उल्लेख करण्याची त्याला गरजच वाटलेली नाही : त्याच्याजवळ लावून घेता येणारे दार आहे. रस्त्यावरच्या भडिमारातून तो कोठे तरी परततो. त्याची अलिप्तता ही अशा परतण्यावर पोसलेली वृत्ती आहे.

मुंबईत ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे ज्या चाळी बांधल्या, त्यांतील खोली १६० चौरस फुटांची होती. संडास मजल्यावर सामाईक. या खोलीत एक कुटुंब राहत असे, आणि पुष्कळदा त्याच्या आश्रयाला आलेले भाऊ, पुतणे, गाववालेही राहत. गिरणगावात याहून दाट वस्तीचा एक प्रकार होता, तो म्हणजे गावकऱ्यांची खोली. कोकणातील किंवा घाटावरील एकाच गावचे पुरुष मिळून एक खोली भाड्याने घेत. पहिल्या पाळीचे कामगार बाहेर पडले की रात्रपाळीचे येऊन पथारी पसरत. भिंतीला ट्रंका, दोरीवर कपडे, आणि जेवण शेजारच्या एखाद्या बाईच्या खानावळीत. या खोलीचे दार दिवसा बंद होत नसे. झिमेलचा अलिप्त माणूस या खोलीत कोठे उभा राहणार? त्याला उभे राहायला जागाच नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. गर्दीतही माणूस एकाकी असू शकतो, किंबहुना गर्दीतच तो सर्वाधिक एकाकी असतो, असे झिमेलही म्हणतो. मान्य आहे. गावकऱ्यांच्या खोलीतील माणूस एकाकी नव्हता असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. प्रश्न आहे तो साहित्याने काय नोंदवले याचा. मुंबईविषयीचे महत्त्वाचे मराठी लेखन डोळ्यांपुढे आणले, तर त्यात वारंवार येणारा अनुभव ‘मला कोणी ओळखत नाही’ हा नाही. ‘मला कोणी क्षणभर एकटे सोडत नाही’ हा आहे. हे दोन अनुभव एकमेकांच्या उलट आहेत. पहिल्यात माणूस अदृश्य असतो, दुसऱ्यात तो सतत दिसत, सतत ऐकू येत असतो. नवराबायकोचे भांडण, आजारपण, उधारी, मुलीचे उशिरा येणे, सारे गॅलरीतून वाहत जाते. आपण पहिल्या अनुभवाच्या परिभाषेत दुसऱ्याचे वर्णन करीत राहिलो.

२

या गफलतीला भाषेनेही हातभार लावला. फ्रेंच विचारवंत आन्री लफेव्र याने १९७४ साली असे मांडले की, ज्याला आपण रिकामे, तटस्थ, आधीपासून असलेले मानतो ते स्थल समाज उत्पादित करीत असतो. सत्तासंबंध आणि अर्थव्यवहार त्यातच मुरलेले असतात. हा विचार मराठीत आला तो ‘अवकाश’ या शब्दावर स्वार होऊन. ‘अवकाश’ हा संस्कृत, भारदस्त आणि निरुपद्रवी शब्द आहे. त्याला आकाशाचा आणि फुरसतीचा वास आहे. अवकाश विकत घेता येत नाही, अवकाशाला पागडी द्यावी लागत नाही, अवकाशातून कोणी कोणाला हुसकून लावीत नाही. त्यामुळे लफेव्रच्या विचारातील दात काढून घेऊनच आपण तो चर्चासत्रांत पाळला. ‘कवितेतील अवकाश’, ‘स्त्रीचा अवकाश’, ‘परिघावरील अवकाश’ असे शब्दप्रयोग निबंधांच्या शीर्षकांतून सर्वत्र दिसतात, पण एकाही निबंधात त्या अवकाशाचे क्षेत्रफळ सांगितलेले नसते.

वस्तुतः या विचारासाठी मराठीत एक चोख शब्द फार दिवसांपासून होता : जागा. मुंबईत ‘जागा मिळाली का?’ या प्रश्नाचे किमान तीन अर्थ होतात. राहायला घर मिळाले का, बसायला आसन मिळाले का, आणि नोकरीतील रिकामे पद मिळाले का. जागा धरतात, अडवतात, सोडतात, बळकावतात. आणि एखाद्याला ‘त्याची जागा दाखवून देतात’, तेव्हा तो शब्द थेट जातीपर्यंत आणि वर्गापर्यंत पोहोचतो. घर, आसन, पद आणि पायरी हे चारही अर्थ एका शब्दात एकत्र नांदतात, कारण मराठी बोलणाऱ्या समाजाच्या अनुभवात ते एकत्र होते. जो सिद्धान्त फ्रान्समध्ये एक जाडजूड ग्रंथ लिहून मांडावा लागला, त्याचे बीज आपल्या शब्दात होते. आपण मात्र तो शब्द गावंढळ ठरवून शब्दकोशातला दुसरा आणला.

असेच दुसरे उदाहरण गास्तों बाशलार याचे. घराच्या काव्यात्मतेवरील त्याच्या १९५७ सालच्या ग्रंथाचा आपल्याकडे आदराने उल्लेख होतो. तळघरापासून पोटमाळ्यापर्यंतचे उभे घर हे मनाच्या रचनेचे रूप, असे त्याचे प्रतिपादन आहे. पण त्याच ग्रंथात तो हेही सांगतो की, पॅरिसमध्ये घरे नाहीत, एकावर एक रचलेल्या पेट्यांत लोक राहतात. म्हणजे आपला सिद्धान्त महानगराच्या दारात थबकतो, याची जाण खुद्द बाशलारला होती. त्याला मराठीत आणताना ती थबकण्याची जागा तेवढी आपण वगळली. मुंबईतही ‘माळा’ आहे. पण येथे माळा म्हणजे स्मृतींचे भांडार नव्हे. येथे माळा म्हणजे धाकट्या दिराच्या लग्नानंतर थोरल्या भावाने खोलीत फळ्या ठोकून काढलेली झोपायची सोय.

३

आता थेट साहित्याकडे येते. काही पुस्तकांची केवळ शीर्षके पाहा. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ (१९५८), भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ (१९६५) आणि ‘वैतागवाडी’, नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ (१९७२), अण्णा भाऊ साठे यांचा ‘चिरागनगरची भुतं’ हा कथासंग्रह. चाळ, नाका, वाडी, पिठा, नगर : हे सगळे पत्ते आहेत. नारायण सुर्व्यांनी ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) म्हटले तेव्हा तेही एका जागेचेच नाव होते. फक्त त्या विद्यापीठाला भिंती नव्हत्या. इतक्या वेगवेगळ्या प्रकृतींच्या लेखकांनी मुखपृष्ठावरच आपला पत्ता छापावा आणि समीक्षेने तो पत्ता न वाचता ‘संवेदना’ शोधीत फिरावे, याला काय म्हणावे?

समीक्षेने केले ते असे. तिने या पत्त्यांवरून शहर जुळवण्याऐवजी त्यांचे गाळे पाडले. ‘बटाट्याची चाळ’ विनोदाच्या गाळ्यात गेली. सुर्वे कामगार कवितेच्या गाळ्यात गेले, ढसाळ आणि बाबूराव बागूल दलित साहित्याच्या. अण्णा भाऊंना लोकशाहिरीच्या गाळ्यात जागा मिळाली. पाध्ये तेवढे ‘महानगरीय’ ठरले, आणि तेही अश्लीलतेच्या वादाचा उल्लेख करून. प्रत्येक गाळ्याला स्वतंत्र दार, स्वतंत्र व्यवस्थापक, स्वतंत्र वार्षिक चर्चासत्र. गावकऱ्यांची खोली या व्यवस्थेत कोठे बसते? तिच्यातील माणूस कोकणातला शेतकरी आहे म्हणून ग्रामीण, गिरणीत आहे म्हणून कामगार, मुंबईत आहे म्हणून महानगरीय, आणि त्याला कोणत्या खोलीत पथारी टाकू दिली जाते ते त्याच्या जातीवर ठरते म्हणून दलित साहित्याचाही विषय. एकाच खोलीचे आपण चार तुकडे केले. जी जागा माणसांनी इतक्या कष्टाने वाटून घेतली होती, ती समीक्षेला अखंड पाहताच आली नाही.

बागूलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथा याच संदर्भात पुन्हा वाचली पाहिजे. ती मुंबईत घडत नाही. गुजरातेत, रेल्वेच्या नोकरीच्या गावी घडते. पण कथेचा पेच मुंबईकराला तत्काळ ओळखू येईल असा आहे : नोकरी मिळालेल्या तरुणाला राहायला जागा हवी आणि जागेसाठी जात चोरावी लागते. जातीविषयीची कथा म्हणून ती शेकडो वेळा शिकवली गेली. भाड्याच्या खोलीविषयीची कथा म्हणून क्वचितच. वास्तविक तिचे बळ या दोन्हींच्या सांध्यात आहे. आधुनिक शहराने, कारखान्याने, रेल्वेने समतेचे वचन दिले होते. नोकरीच्या जागेवर ते काही अंशी पाळले गेले आणि राहण्याच्या जागेच्या उंबरठ्यावर मोडले. ‘महानगरीय’ आणि ‘दलित’ हे दोन गाळे वेगळे ठेवले की नेमका हा उंबरठाच दिसेनासा होतो.

४

‘हे सारे समाजशास्त्र झाले, साहित्याच्या रूपाचे काय?’ हा पुढचा आक्षेप, आणि तो गंभीर आहे. रूपाविषयी बोलता येत नसेल तर जागेचा विचार हा साहित्यबाह्य ठरेल हे मला मान्य आहे. पण जागेचा सर्वांत खोल ठसा रूपावरच उमटलेला आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

परात्म, एकाकी मनाचे स्वाभाविक रूप म्हणजे अंतर्गत स्वगत. बा. सी. मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) या कादंबरीत संज्ञाप्रवाहाचा प्रयोग केला, तो याच धारणेतून. एका माणसाच्या जाणिवेचा प्रवाह, ज्याला श्रोता नाही. आपल्या समीक्षेने पुढे हेच महानगरीय गद्याचे प्रमाण रूप मानले. परंतु वर उल्लेखिलेल्या पुस्तकांकडे पाहिले तर तेथे जवळजवळ सर्वत्र बोलणे आहे, आणि समोर कोणी तरी ऐकणारे आहे. ‘वासूनाका’ नाक्यावरच्या पोरांच्या बोलीत सांगितली जाते. तिचे वाक्य नाक्यावर उभे राहूनच बोलता येते, टेबलाशी बसून नव्हे. सुर्व्यांची कविता कोणाला तरी उद्देशून बोलते. ढसाळांची कविता हाक मारते, शिवी देते, आदेश सोडते. अण्णा भाऊंनी ‘माझी मुंबई’साठी लोकनाट्याचे रूप घेतले, ज्यात प्रेक्षक अगदी रंगमंचाला टेकलेला असतो. ‘बटाट्याची चाळ’ तर १९६१पासून एकपात्री प्रयोग म्हणून रंगमंचावर उभी राहिली. एक माणूस साऱ्या चाळीचे आवाज काढू शकला, कारण चाळीत प्रत्येकाला प्रत्येकाचा आवाज पाठ असतो.

हा योगायोग नव्हे. जेथे भिंत फळीची किंवा अर्ध्या विटेची असते, तेथे स्वगत संभवत नाही. मोठ्याने उच्चारलेला प्रत्येक शब्द संवाद होतो. दाट वस्तीने मराठी गद्याला आणि कवितेला जे रूप दिले ते ऐकले जाणाऱ्या बोलण्याचे रूप होय. त्याला ‘बोलीभाषेचा सहज वापर’ असे ढिले नाव देऊन आपण मोकळे झालो. खुद्द मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहातील पिंपात मेलेल्या उंदरांची कविता घ्या. यंत्रयुगातील माणसाच्या निरर्थकतेचे प्रतीक म्हणून ती आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवतो. पण त्या कवितेत उंदीर एकटा नाही, आणि पिंप ही एक जागा आहे : अरुंद, बंद, एकावर एक शरीरे असलेली. प्रतीकाकडे धावण्यापूर्वी आपण त्या पिंपात क्षणभर थांबलो असतो, तर मराठी नवकवितेचा आरंभच आपल्याला वेगळा वाचता आला असता.

जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) हे नाटक या दृष्टीने कसोटीचे आहे. गिरणी संपानंतरच्या गिरणगावातील एक कुटुंब, एक खोली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते, आणि तो संप कधी संपला हे आजही नेमके सांगता येत नाही. या नाटकातील एक मुलगा लेखक होऊ पाहणारा आहे. लेखक होण्यासाठी जी अंतर्मुखता लागते असे साहित्यशास्त्र सांगते, ती या खोलीत त्याने कोठून आणायची? प्रत्येक प्रवेश-निर्गमनाला येथे जागेचे गणित आहे : एक आत आला की दुसऱ्याला उठावे लागते. नाटककाराने ही अडचण नेपथ्याची मर्यादा मानली नाही. तिलाच नाटकाची रचना केले. ‘अधांतर’ या शब्दाचा अर्थही अखेर हाच : ज्याला टेकायला जागा नाही तो.

५

जागेच्या या वाटपात स्त्रीची जागा कोणती, हा प्रश्न तर आपल्या महानगरीय समीक्षेने विचारलेलाच नाही. व्हर्जिनिया वुल्फने १९२९ साली लिहिणाऱ्या स्त्रीसाठी स्वतःची खोली मागितली. मुंबईच्या चाळीत पुरुषालाही स्वतःची खोली नव्हती; पण त्याला खोलीबाहेरचे शहर होते. नाका, गॅलरीतला बाक, मंडळाचे कार्यालय, हॉटेलातला अर्धा चहा, उन्हाळ्याच्या रात्री फुटपाथवरची पथारी. वयात आलेल्या मुलाला घरात बसायला जागा नाही, म्हणून नाका आहे. वयात आलेल्या मुलीलाही घरात जागा नसते, पण तिच्यासाठी नाका नाही. तिच्या वाट्याला येते ती मोरी. खोलीच्या कोपऱ्यातली, कमरेएवढ्या कठड्याची, पडदा ओढता येणारी मोरी ही चाळीतल्या बाईची एकुलती एक खासगी जागा. मी स्वतः अशा खोलीत वाढले. बारावीचा अभ्यास मी जिन्याच्या वळणावर, सामाईक दिव्याखाली केला, आणि रडायचे झाल्यास मोरीत नळ सोडून रडले. हे दुःख म्हणून सांगत नाही. पुरावा म्हणून सांगते.

ज्या समीक्षेला एकटेपण हा केवळ शाप म्हणूनच ठाऊक आहे, तिला मेघना पेठे यांच्या ‘हंस अकेला’ (१९९७) किंवा ‘नातिचरामि’ (२००५) या पुस्तकांतील एकट्या स्त्रीचे काय करायचे ते कळत नाही. तीही मग परात्म, तुटलेली, महानगरीय ठरते. पण मोरीपासून सुरू झालेल्या या इतिहासाच्या शेवटी जर स्वतःच्या घराची किल्ली असेल, तर ते एकटेपण ही मिळवलेली जागा आहे. त्यात वेदना असेल. पण ती पराभवाची खूण नव्हे. एकच शब्द, एकाकीपण, आपण कोणत्या जागेवरून उच्चारतो त्यावर त्याचा अर्थ उलटतो.

६

मी चाळीचे गोडवे गात आहे, असा गैरसमज होण्याची शक्यता आहे. तो दूर केला पाहिजे, कारण आज तो फायद्याचा धंदा झाला आहे. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले, आणि त्याच सुमारास ‘चाळसंस्कृती’ नावाची हळवी वस्तू बाजारात आली : जाहिरातींतील गणपती, मालिकांतील गॅलरी, सणासुदीची वाटीची देवाणघेवाण. ‘आम्ही सारे एक कुटुंब होतो’ हे वाक्य मुख्यतः खोली सोडून गेलेले लोक उच्चारतात. १९७४च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल उसळली, तेव्हा समोरासमोरच्या इमारतींमध्ये एकमेकांना नावानिशी ओळखणारे लोक राहत होते. दाटीने माणसे जवळ येतात हे जितके खरे, तितकेच दाटीत प्रत्येक इंचाची जात ठरलेली असते हेही खरे. परात्मतेची परिभाषा आणि स्मरणरंजनाची परिभाषा वरवर परस्परविरोधी दिसतात. पण दोन्ही एकच काम करतात. दोन्ही जागेचा हिशेब चुकवतात. एक म्हणते येथे कोणीच कोणाचे नव्हते, दुसरी म्हणते येथे सगळेच सगळ्यांचे होते. खोली कोणाच्या नावावर होती, हे दोघींपैकी एकही सांगत नाही.

हा प्रश्न केवळ अभ्यासक्रमाचा असता, तर त्यावर इतकी शाई खर्च केली नसती. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मृत्युमुखी पडली. ज्या परिसरात पूर्वी गिरण्या होत्या तेथे कचेऱ्यांचे मनोरे आले. पूल मात्र अरुंदच राहिला. त्या आठवड्यात मी वर्गात ‘गर्दी : महानगरीय जीवनाचे एक प्रतीक’ शिकवणार होते. मला ते शिकवता आले नाही. गर्दी हे प्रतीक आहे असे म्हणणाऱ्याला जिन्याची रुंदी विचारण्याचे कारण पडत नाही. ज्या विद्यार्थ्यांना मी हे शिकवते ते त्याच पुलांवरून वर्गात येतात. त्यांच्या अनुभवाला आपण इतकी वर्षे दुसऱ्या देशातील, दुसऱ्या प्रकारच्या घरातील माणसाच्या मनोव्यथेचे नाव देत आलो, आणि त्यांनी ते परीक्षेपुरते स्वीकारले. साहित्य आपल्याविषयी नसते, ही समजूत त्यांच्यात आपणच रुजवली.

शिवाय वेळ थोडा आहे. बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर मिळणाऱ्यांचा आनंद रास्त आहे, आणि त्यावर नाक मुरडण्याचा अधिकार कोणाही समीक्षकाला नाही. पण त्या जागांबरोबर त्या जागांत घडलेले वाक्य समजून घेण्याचे ज्ञानही जाणार आहे. उद्याच्या वाचकाला मोरी, पोटमाळा, पाळी, नाका या शब्दांसाठी टीपा लागतील. त्या टीपा लिहिण्याचे काम समीक्षेचे होते. ती संवेदनांची यादी करण्यात गुंतून राहिली.

तेव्हा काय करावे? परात्मतेची परिभाषा मोडीत काढा असे माझे म्हणणे नाही. विलास सारंगांच्या कथेसारखे लेखन तिच्याशिवाय वाचता येणार नाही. पण ती या इमारतीतील एक खोली आहे, संपूर्ण इमारत नव्हे. माझी सूचना साधी आहे. मुंबईचे साहित्य प्रवाहांनुसार न वाचता एकदा जागांनुसार वाचू. पाध्ये, ढसाळ, बागूल, सुर्वे, अण्णा भाऊ, पवार, पेठे यांना एकाच अभ्यासपत्रिकेत, एकाच वर्गात शेजारी बसवू आणि प्रत्येक कृतीला तीन प्रश्न विचारू. येथील जागा कोणाच्या नावावर आहे? नवा माणूस आत आला की कोणाला उठावे लागते? आणि येथे बोललेला शब्द किती भिंतींपलीकडे ऐकू जातो? पहिला प्रश्न सत्तेचा आहे, दुसरा संरचनेचा, तिसरा रूपाचा. या तिन्हींची उत्तरे कृतीतूनच द्यावी लागतात. ती आधी पाठ करून येता येत नाहीत.

त्या विद्यार्थिनीला माझे उत्तर देणे राहून गेले. आता देते. तुझे म्हणणे बरोबर होते. तुझ्या खोलीत सात माणसे आहेत, ही साहित्याबाहेरची अडचण नव्हे. या शहराचे साहित्य तेथूनच सुरू होते.